लोकांचे आरोग्य : पण कोणत्या लोकांच्या हाती?

भारतातील सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात रायगड जिल्ह्याचे नाव एका प्रयोगामुळे नोंदले गेले आहे. डॉ. नोशीर अँटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात तो केला. जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता. वैद्यकाचे बरेचसे ज्ञान गावातील थोड्या शिकलेल्या स्त्रीच्या हाती देता येते आणि ते देऊन आजार खरोखर कमी करता येतात, हा या प्रयोगाचा गाभा. आरोग्याच्या चर्चेत मांडव्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण जी गोष्ट आदराने सांगितली जाते, ती सहसा पुन्हा तपासली जात नाही. या लेखात ती तपासून पाहायची आहे. त्यासाठी जागा निवडली आहे त्याच जिल्ह्यातली, पण समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याची. किनाऱ्यावर आकाराला आलेला विचार कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कातकरी व ठाकर वाड्यांवर कितपत टिकतो, हा आपला प्रश्न आहे.

शस्त्रक्रियागृहातून गावाकडे

डॉ. अँटिया (१९२२-२००७) हे मूळचे प्लास्टिक सर्जन. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे इंग्लंडमध्ये आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे एक जनक मानले जाणारे सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली त्यांनी या शास्त्राचे धडे घेतले. परत आल्यावर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग नावारूपाला आणला. अशा माणसाला खासगी व्यवसायात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही भरपूर मिळाली असती. त्यांनी मात्र आपले कौशल्य कुष्ठरुग्णांसाठी वापरले.

त्यांच्या पुढच्या वाटचालीचा अर्थ लागण्यासाठी कुष्ठरोगात विकृती कशी येते ते समजून घेतले पाहिजे. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेवर आणि त्वचेलगतच्या नसांवर हल्ला करतात. नस निकामी झाली की त्या भागाची संवेदना जाते. मग चुलीवरचे तापलेले भांडे उचलताना हात भाजला तरी कळत नाही, काटा रुतला तरी दुखत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झिजत जातात. काही स्नायू लुळे पडून पंजा वाकडा होतो. शल्यचिकित्सक एखादा धडधाकट स्नायुबंध दुसरीकडे जोडून हा पंजा पुष्कळसा सरळ करू शकतो, परंतु गेलेली संवेदना त्याला परत आणता येत नाही. याउलट, अंगावर बधिर चट्टा दिसतो त्याच वेळी औषध सुरू झाले, तर ही सारी साखळी सुरुवातीलाच तुटते.

हा चट्टा ओळखायला किती ज्ञान लागते? रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, कापसाच्या बारीक धाग्याने त्वचेला हलकेच स्पर्श करायचा आणि स्पर्श झाला ती जागा बोटाने दाखवायला सांगायची. प्राथमिक तपासणी इतकीच आहे. सातवीतली मुलगीसुद्धा ती शिकू शकेल. म्हणजे एका टोकाला शहरातील अत्यंत कुशल आणि खर्चिक शस्त्रक्रिया, तर दुसऱ्या टोकाला गावातील कापसाचा धागा. आणि रोगाचा खरा बंदोबस्त होतो तो धाग्याच्या टोकाला. डॉ. अँटिया यांची कारकीर्द या दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली. १९७५ मध्ये त्यांनी 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' ही संस्था स्थापन केली. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मांडव्याने काय सिद्ध केले?

मांडवा प्रकल्पात सुमारे तीस गावे आणि सुमारे तीस हजार लोकवस्ती होती. गावोगावच्या, जेमतेम लिहितावाचता येणाऱ्या स्त्रिया निवडून त्यांना आरोग्यसेविका म्हणून शिकवण्यात आले. त्या आपले घर, शेत, संसार सांभाळून थोडा वेळ हे काम करीत. साध्या आजारांवर उपचार, गरोदर स्त्रियांची देखभाल, लसीकरणासाठी मुले गोळा करणे, क्षय आणि कुष्ठरोगाचे संशयित हुडकणे, औषध चालू असलेल्यांनी ते मध्येच सोडू नये म्हणून पाठपुरावा करणे, अशी त्यांची कामे होती. यांतले पाठपुराव्याचे काम गावात राहणारी बाईच करू शकते. क्षयाचे औषध महिनोन् महिने घ्यावे लागते. खोकला थांबला की रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. तेव्हा 'अजून थांबायचं नाही' हे सांगायला शेजारीण हवी. तालुक्याचा डॉक्टर तेवढ्यासाठी घरी येणार नाही.

या प्रयोगाचे शास्त्रीय मोल मोठे आहे. वैद्यकीय ज्ञानाचा कोणता भाग डॉक्टरकडेच राहिला पाहिजे आणि कोणता भाग त्याच्याकडे केवळ रूढीने राहिला आहे, याची वाटणी तिथे प्रत्यक्ष करून दाखवली गेली. १९८६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने या प्रयोगाचा वृत्तांत छापला. त्याआधी १९८१ मध्ये भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने 'सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी धोरण' हा अहवाल दिला. डॉ. अँटिया त्या गटात होते. रुग्णालयांची संख्या वाढवल्याने आरोग्य मिळत नाही; दारिद्र्य आणि विषमता कमी करणे, शिक्षण पसरवणे आणि आरोग्यसेवा गावाच्या पातळीवर आणणे या गोष्टी एकत्र झाल्या पाहिजेत, असा त्या अहवालाचा आशय होता.

विचाराची ही दिशा योग्य होती याचा भक्कम पुरावा पुढे गडचिरोलीतून आला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, गरज पडल्यास इंजेक्शन देणे, हे सारे त्या करू लागल्या. तुलनेसाठी शेजारची गावे घेतली होती. त्यांच्या मानाने या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा मांडव्याचा पहिला सिद्धांत, म्हणजे ज्ञान वाटता येते हा, आता वादाचा राहिलेला नाही.

प्रयोग बंद का पडला?

एवढे यश मिळूनही मांडव्याचा प्रयोग टिकला नाही. त्या गरीब आरोग्यसेविका जसजशा जाणत्या होऊ लागल्या, बोलू लागल्या, तसतसे ते गावातील वजनदार पुढाऱ्यांना आणि प्रस्थापित आरोग्ययंत्रणेला खुपू लागले. विरोध वाढला आणि अखेर काम आवरते घ्यावे लागले. ही हकीकत डॉ. अँटिया यांनी लपवली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. परंतु तिच्यातून त्यांनी काढलेला धडा मात्र तपासण्यासारखा आहे.

१९९३ मध्ये त्यांनी कविता भाटिया यांच्यासह 'पीपल्स हेल्थ इन पीपल्स हँड्स' हा ग्रंथ संपादित केला. देशातील निरनिराळे प्रयोग त्यात एकत्र आणले आहेत आणि पंचायत राज्याच्या चौकटीत आरोग्यसेवेचा आराखडा मांडला आहे. ७३व्या घटनादुरुस्तीचा तो काळ होता. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती द्यायचे, आणि लोकांचे हात म्हणजे पंचायत, असे हे समीकरण आहे. माझा आक्षेप इथे आहे. ज्या गावकारभाराने मांडव्यात आरोग्यसेविकांना आडकाठी केली, त्याच्याच हाती आरोग्य सोपवल्याने ते आपोआप लोकांच्या हाती जाते काय? 'लोक' हा शब्द एकवचनी अर्थाने वापरला की गावातली उतरंड त्याच्या आड दडते. ही उणीव किनाऱ्यावरच्या नांदत्या गावांत थोडीफार झाकली जाईल. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर ती उघडी पडते.

पायथ्याच्या वाड्या

कर्जत आणि खालापूर हे तालुके दुर्गम आहेत असे नकाशा पाहून कोणीच म्हणणार नाही. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जतवरून घाट चढतो. खालापुरातून द्रुतगती महामार्ग जातो. १९१५ पासून खोपोलीला आणि १९२२ पासून भिवपुरीला घाटमाथ्याच्या पाण्यावर वीज तयार होते, आणि ती मुख्यतः मुंबईसाठी. फार्महाऊसे, कारखाने, रिसॉर्ट यांनी हा भाग भरला आहे. तरीही याच भागात अशा वाड्या आहेत, जिथे आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. या ठाकर वाडीत जायला वाहनाचा रस्ताच नव्हता, म्हणून मदत करणारेही पायीच चढले. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. महामार्गापासून अंतर थोडेच होते. पण ते अंतर किलोमीटरांत मोजायचे नसते.

वेल्समधील कोळसा खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला. जिथे वैद्यकीय सेवेची गरज जास्त, तिथे ती कमी मिळते. आणि जिथे गरज कमी, तिथे जास्त. सेवेवर बाजाराचा प्रभाव जितका वाढतो, तितका हा उफराटा नियम कडक होतो. कर्जत रेल्वे स्थानकाजवळचे दवाखाने मोजा आणि मग डोंगराकडे चालत जाऊन वाड्यांवरचे मोजा. या नियमासाठी वेगळे उदाहरण शोधावे लागणार नाही.

कातकऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून त्यांना हे नाव मिळाले. जंगलावर बंधने आली, तो धंदा गेला आणि ही जमात मजुरीवर आली. आज केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांपैकी कातकरी ही एक. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पावसाळ्यातल्या अडचणीत घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको जोडीने विटा पाडतात, मुले त्यांच्याबरोबरच असतात. परत येणे होते ते आगोटीला. म्हणजे वर्षातील सहा-सात महिने ती वाडीत नसतातच.

वाडीची जमीन तरी त्यांची आहे का? कर्जत तालुक्यात कशेळे येथे असलेल्या 'अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' या संस्थेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेल्या 'फायटिंग इव्हिक्शन' (२०१३) या पुस्तकात तो मांडला आहे. अनेक कातकरी वाड्यांत पिढ्यान् पिढ्या ज्या जागेवर घर आहे, ती जागा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. जमिनीचे भाव वाढले की घर उठवले जाण्याची धास्ती वाढते. अशा जागेवर पक्के घर, संडास, नळ आणायचा म्हटला तरी आधी मालकाची परवानगी हा प्रश्न उभा राहतो. दूषित पाण्याने होणारा अतिसार हा वैद्यकीय प्रश्न आहे असे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. इथे त्याचे एक मूळ तलाठ्याच्या दप्तरात आहे.

आणखी एक गोष्ट. आदिवासी ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा 'पेसा' कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रात लागू होतो. शेजारच्या ठाणे आणि पुणे जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे, रायगडमध्ये नाही. मोठ्या गावाला जोडलेली कातकरी वाडी पंचायतीत कायम अल्पसंख्य राहते, आणि ग्रामसभेच्या दिवशी वाडीतली माणसे भट्टीवर असू शकतात. आता डॉ. अँटिया यांचे समीकरण पुन्हा वाचावे. इथे आरोग्य पंचायतीच्या हाती दिले, तर ते नेमक्या ज्यांना हवे त्यांच्याच हातातून निसटते.

जन्ममहिन्याचे गणित

हा आक्षेप नुसता तात्त्विक नाही, हे एका साध्या गणिताने दाखवता येते. ते वर्गातही करून घेण्याजोगे आहे. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसी द्यायच्या असतात आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची पहिली मात्रा. समजा, कुटुंब नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मे अखेरपर्यंत भट्टीवर असते.

१० जूनला जन्मलेल्या बाळाच्या पहिल्या तीन तारखा येतात २२ जुलै, १९ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर. तिन्ही वेळा ते वाडीत आहे. गोवराची तारीख येते १० मार्चला. तेव्हा ते भट्टीवर आहे. आता १० ऑक्टोबरला जन्मलेले बाळ घेऊ. त्याच्या पहिल्या तीन तारखा २१ नोव्हेंबर, १९ डिसेंबर आणि १६ जानेवारी, तिन्ही भट्टीवर. गोवराची तारीख १० जुलैला, वाडीत. एकाच वाडीतल्या दोन बाळांना कोणत्या रोगापासून वेळेवर संरक्षण मिळणार, हे त्यांच्या जन्माच्या महिन्यावर ठरते. यात आईचे अज्ञान नाही, परिचारिकेची हयगय नाही. नोंदवही गावाशी बांधलेली आहे आणि माणूस मात्र चालता आहे, एवढेच कारण पुरे आहे.

दुसरे गणित सरासरीचे. एका आरोग्य केंद्राच्या हद्दीत १,००० बालके आहेत असे धरू. त्यांतील ९०० मोठ्या गावांत आहेत आणि त्यांपैकी ९५ टक्के, म्हणजे ८५५ बालकांना लस मिळाली. उरलेली १०० वाड्यांवर आहेत, त्यांपैकी ४५ जणांना मिळाली. एकूण ९००, म्हणजे ९० टक्के. अहवालात हा आकडा समाधानकारक दिसतो. परंतु गोवर इतका सांसर्गिक आहे की त्याचा फैलाव रोखायला सुमारे ९५ टक्के मुले सुरक्षित असावी लागतात, आणि तीही प्रत्येक वस्तीत. विषाणूला तालुक्याची सरासरी कळत नाही; तो वाडीत शिरला की त्याच्यासमोर निम्म्याहून अधिक मुले उघडी असतात. त्यात मूल कुपोषित असेल तर गोवर अधिक घातक ठरतो. ही आकडेमोड कल्पित आहे, पण तिचा धडा खरा आहे. आरोग्यातील विषमता सरासरीच्या पोटात लपते. तिला बाहेर काढायचे तर आकडे वस्तीगणिक मांडावे लागतात.

मग अँटिया चुकले काय?

तसे म्हणणे अन्यायाचे होईल. गावच्या स्त्रीवर विश्वास टाकण्याची त्यांची सूचना आज देशभर अमलात आहे. १९७७ मध्ये सरकारने सुरू केलेल्या योजनेत आरोग्यरक्षक म्हणून बहुतांश पुरुष निवडले गेले आणि ती योजना क्षीण होत गेली. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात मात्र 'आशा' म्हणून गावातील स्त्रीच नेमायचे ठरले. मांडवा, जामखेड, गडचिरोली यांनी घालून दिलेल्या वाटेवरचे हे पाऊल आहे. दारिद्र्य हटल्याशिवाय आरोग्य नाही, हेही डॉ. अँटिया यांच्या गटाने १९८१ मध्येच म्हटले होते.

पण त्यांच्या आराखड्यात दोन गृहीतके राहून गेली. पहिले, लोक एका जागी राहतात. दुसरे, गाव एकजिनसी आहे. ही दोन्ही बाजूला ठेवली की पायथ्याच्या वाड्यांसाठी आराखडा बदलतो. आरोग्यसेविका शक्य तिथे त्याच वाडीतली, त्याच जमातीची असावी लागेल. नोंद गावाबरोबर न राहता माणसाबरोबर जावी लागेल. भट्टी ही तात्पुरती का होईना वस्ती मानून तिथे सेवा पोचवावी लागेल. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'मिशन इंद्रधनुष्य'ने लसीकरणासाठी वीटभट्ट्यांकडे लक्ष दिले, ही योग्य सुरुवात होती. आणि घराखालची जमीन व पावसाळ्यातले धान्य या गोष्टी आरोग्यकार्याच्या बाहेरच्या मानता येणार नाहीत. कशेळ्याच्या संस्थेने कर्जत तालुक्यात धान्यबँकांचा प्रयोग केला. आषाढ-श्रावणात घरात धान्य असले की उचल घेण्याची निकड कमी होते. म्हणून धान्याची कणगी हीसुद्धा एक प्रकारे आरोग्याचे साधन आहे. औषधाच्या पेटीइतकेच तिचे महत्त्व आहे.

शाळेचे काम

या विषयाशी शिक्षकांचा संबंध काय, असे कोणी विचारील. वाडीवस्तीवरच्या शिक्षकाइतकी स्थलांतराची अचूक नोंद दुसऱ्या कोणाकडेही नसते. दिवाळीनंतर हजेरीपटावर कोणाच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात आणि जूनमध्ये त्या कधी थांबतात, यावरून कोणते कुटुंब केव्हा गेले आणि केव्हा परतले ते कळते. त्या कुटुंबात शाळेत न येणारी धाकटी भावंडे असतात. लस चुकते ती त्यांची. बाहेरगावी जाणाऱ्या मुलाला आपण शिक्षण हमी कार्ड देतो. ते देताना घरातल्या लहान बाळाचे लसीकरणाचे कार्ड बरोबर घेतले का, एवढे विचारले आणि जाणाऱ्या कुटुंबांची यादी आशाताईंना दिली, तर नोंद माणसाबरोबर चालू लागते.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून जन्ममहिन्याचे कोष्टक करून घ्यावे. बारा महिन्यांच्या बारा ओळी आखायच्या, प्रत्येक ओळीत लसींच्या तारखा मांडायच्या आणि भट्टीवरच्या महिन्यांना रंग द्यायचा. रंगीत घरांत किती मात्रा पडतात ते मोजले की विषमता म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. वर्गात कातकरी मूल बसलेले असेल, तर कोष्टक त्याच्या घराचे म्हणून मांडू नये. दोष वेळापत्रकात आहे, कुटुंबात नाही, हे त्या मुलाला आणि इतरांना त्याच तासाला कळले पाहिजे.